बहिऱ्याचा होकार

उज्वलाला माणसं चेहऱ्यानं लक्षात राहत नसत, आवाजानं राहत. चांदवडला तिच्या वडिलांकडे एक टेपरेकॉर्डर होता. त्याचं प्लेचं बटण आणि शेजारचं लाल बटण एकदम दाबलं की समोरचा सगळा गोंधळ कॅसेटमध्ये जाऊन बसतो, हा शोध तिला शाळेत असतानाच लागला आणि घरातल्या भजनांच्या कॅसेटींची वाट लागली. एक भजन संपून दुसरं सुरू व्हायच्या आत मामाचं घोरणं, कांद्याच्या चाळीत भांडणाऱ्या दोन चुलत्या, शेजारच्या रेडकाचं ओरडणं असा सगळा ऐवज तिनं घुसवून ठेवला होता. थोरल्या बहिणीच्या साखरपुड्यात कुणीतरी भक्तिभावानं तीच कॅसेट लावली. पाहुणे हात जोडून बसले होते, मामा पुढच्याच रांगेत होता, आणि मामाचं घोरणं सुरू झालं. उज्वलानं मार खाल्ला. पण हसून हसून मुलाच्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मानपानावरून अडलेली बोलणी तिथेच मिटली, हे मार देणाऱ्यांनी कधी कबूल केलं नाही.

नव्वदचं दशक संपता संपता ती लग्न होऊन नाशकात आली. सासर मखमलाबादचं, फुलं पिकवणारं. मळ्यात झेंडू, शेवंती, गलांडा निघायचा आणि पंचवटीत, रामकुंडाकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या दुकानात विकला जायचा. लग्न करणाऱ्याला हार लागतो, निवडून येणाऱ्याला लागतो आणि गेलेल्यालाही लागतो, त्यामुळे धंदा बाराही महिने चालू होता. नवरा महेश ओझरच्या विमान कारखान्यात कँटीनला होता. स्वभावानं इतका शांत, की तो घरात आहे की नाही हे दारातल्या चपला बघून ठरवावं लागे. त्याच्या वाटचं बोलायचं कामही थोरला भाऊ देवरामच करायचा. देवरामला कुठलीही गोष्ट ओरडून आणि दोनदा सांगायची सवय होती. 'चहा आण, चहा आण.' 'फूल भिजव, फूल भिजव.' आणि या सगळ्यांच्या डोक्यावर होते सासरे सावळीराम, जे जवळजवळ ठार बहिरे होते. देवरामसारखा मुलगा पोटी आल्यावर देवानंच दया येऊन ही सोय केली असावी, असं उज्वलाचं प्रामाणिक मत होतं.

सावळीरामांची ऐकायची एक पद्धत होती. समोरच्याचं तोंड हलायचं थांबलं, की ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हां, हां, बरोबर हाय." कुणी विचारलं, "बाबा, तब्येत कशी?" तर हां हां. कुणी म्हटलं, "बाबा, यंदा पाऊस नाही," तर हां हां. एकदा एका आगाऊ गिऱ्हाइकानं हसतमुखानं विचारलं, "बाबा, तुम्ही येडे का हो?" त्यालाही मान डोलावून म्हणाले, "हां, हां. तुमची कृपा." असा कुणालाही नाही न म्हणणारा माणूस सगळ्या पंचवटीत दुसरा नव्हता.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मोबाईल स्वस्त झाले, तसा देवरामनं बापालाही एक घेऊन दिला. मळ्यातून गडी फोन करणार, 'काय पाठवू?' म्हणून विचारणार, आणि बाबा दुकानातून सांगणार, अशी योजना होती. पलीकडचं बोलणं बाबांना ऐकू यायचं नाही, पण त्याची गरजही नव्हती. फोन कानाला लावून ते एकदमच सांगायचे, "झेंडू पाठव, शेवंती नको," आणि ठेवून द्यायचे. अडचण एवढीच, की फोन वाजतोय हे त्यांना कळायचंच नाही. गिऱ्हाइकांनी खाणाखुणा करेपर्यंत तो बंद व्हायचा. व्हायब्रेटवर टाकला, तर बंडीच्या खिशात काहीतरी शिरलं म्हणून त्यांनी भर दुकानात बंडी काढून झटकली.

उज्वलाला हा घरचा प्रश्न वाटलाच नाही, तिला तो स्वतःचा प्रश्न वाटला. तिनं महेशच्या मागे लागून मोठाल्या स्पीकरचा चायनाचा फोन आणवला आणि सासऱ्यांवर प्रयोग सुरू केले. सनई लावली, बाबा शेवंती निवडत बसले. ताशा लावला, बाबा शेवंती निवडत बसले. आगगाडीची शिट्टी लावली, तेव्हा शेजारच्या दुकानातला पेढेवाला दचकून उभा राहिला, पण बाबा शांत. मग तिच्या लक्षात आलं, की बारीक आणि चिरके आवाज या माणसाच्या कानांनी केव्हाच सोडून दिलेत. जाड, ठोक्याचा आणि आयुष्यभर कानात बसलेला आवाज पाहिजे. ती मखमलाबादला गेली, मळ्यातल्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन गड्याकडून सुरू करवलं, फोन त्याच्या तोंडापुढे धरला आणि काळी होऊन परत आली. दुसऱ्या दिवशी दुकानात बाबांचा फोन वाजला: फट् फट् फट् फट्. सावळीराम ताडकन उठले. "पाणी सुटलं रं!" म्हणून त्यांनी धोतराचा काचा मारला आणि रस्त्यात आले. रस्त्यात पाट नव्हता, सूनबाई हसत उभी होती. तिनं खिशाकडे बोट दाखवलं. बाबांनी फोन काढून पाहिला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि इतके हसले की कवळी सावरावी लागली.

त्याच दिवशी, हसू ओसरायच्या आत, तिनं मागून घेतलं. दुकानात उजव्या हाताला फुलांच्या रिकाम्या बादल्यांचा एक कोपरा होता. ती म्हणाली, "बाबा, हा कोपरा मला द्याल का? मी इथं लोकांच्या मोबाईलमध्ये गाणी अन् टोन भरून देईन." देवराम तिथेच हार ओवत बसला होता. बाबांनी तिचं तोंड हलायचं थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मान डोलावली. "हां, हां. कर, कर."

कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर आला, त्यावर शेवंतीचं पाणी उडू नये म्हणून प्लास्टिक आलं, आणि बाहेर पाटी लागली: 'उज्वला मोबाईल. गाणी, टोन, कार्ड भरून मिळेल.' कॉम्प्युटरमध्ये तिनं आवाजांची नीट घरं लावली होती. देव, देवी, लावणी, प्राणी, यंत्रं, माणसं, आणि शेवटचं घर 'नको ती'. सर्वांत जास्त खप शेवटच्या घराला होता आणि त्यातलं मागणारी माणसं 'देव'मधली एखादी आरतीही वरून घ्यायची, घरी दाखवायला. पण उज्वलाची खरी ख्याती होती ती माणसागणिक टोन लावण्यात. कुणाचा फोन आला की काय वाजावं, हे ती गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारून ठरवायची. एका रिक्षावाल्याला तिनं बायकोच्या नावाला पोलिसांच्या गाडीचा भोंगा लावून दिला. समोर गाडीवर भजी तळणाऱ्या गोजराबाईनं सुनेच्या नावाला काहीच वाजू नये अशी मागणी केली, तीही तिनं पुरवली. तिच्या स्वतःच्या फोनमध्ये महेश सायलेंटवर होता, घरात असतो तसाच. आणि देवराम म्हणजे गाढव होतं.

हे गाढव एक दिवस उघडं पडलं. देवरामनं मागच्या खोलीतून कात्री कुठे आहे हे विचारायला फोन केला, कारण उठून येण्यापेक्षा ते सोपं होतं. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि उज्वलाच्या कमरेच्या पिशवीतून गाढव ओरडायला लागलं. ते थांबेना, कारण देवराम फोन ठेवेना. शेवटी तो फोन कानाला लावूनच बाहेर आला आणि त्यानं ऐकलं.

"हे माझं हाय? हे माझं हाय?"

"नाही हो भाऊजी, सगळ्यांनाच हेच लावलंय," उज्वला म्हणाली. तेवढ्यात पेढेवाल्यानं खात्री करायला आपल्या फोनवरून तिला फोन लावला आणि घुंगरू वाजले. त्या दिवसापासून देवरामच्या मनात त्या कोपऱ्याबद्दल काहीतरी शिजायला लागलं.

तिच्या गिऱ्हाइकांत रामकुंडावर दशक्रिया विधी करणारे एक गुरुजी होते. त्यांची ओळखच अशी झाली, की विधी ऐन रंगात असताना त्यांचा फोन वाजला आणि त्यातून 'नको ती' घरातली एक चीज बाहेर पडली. त्यांच्या भाच्यानं परस्पर लावली होती. गुरुजी लालबुंद होऊन उज्वलाकडे आले. "अहो, रडणारे यजमान ताल धरायला लागले!" तिनं त्यांना शंख लावून दिला. तेव्हापासून गुरुजींचा तिच्यावर विश्वास बसला आणि एके दिवशी त्यांनी आवाज खाली आणून एक वेगळंच काम सांगितलं.

"कावळे माजलेत हो. दिवसभर पिंडच पिंड, भातच भात. शिवायला येत नाहीत. लोक ताटकळतात, मला पुढच्या घाटावर जायचं असतं. कावळ्याची एखादी टोन होईल का? म्हणजे, बोलावणारी?"

"गुरुजी, देवाच्या कामात लबाडी?"

"लबाडी कसली? बोलावणं आहे."

उज्वलाला हे इतकं आवडलं की तिनं पैसेही ठरवले नाहीत. गोजराबाईच्या गाडीमागे भज्यांचा चुरा टाकून तिनं कावळे जमवले आणि एकमेकांना जेवायला हाक मारणारी त्यांची काव काव धरली. तिच्याकडे आधीची एक दुसरी काव कावही होती. त्यात कावळ्याचं पिल्लू रस्त्यात पडल्यावर सगळ्या कावळ्यांनी घातलेला हैदोस होता आणि मधेमधे त्यांना हाकलणारी गोजराबाई होती. पहिलीचं नाव तिनं 'कावळा जेवण' ठेवलं आणि दुसरीचं 'कावळा भांडण'. 'जेवण' लावून पाहिलं तेव्हा दुकानाच्या पत्र्यावर खरंच दोन कावळे येऊन माना वाकड्या करून बघायला लागले. पण गुरुजींचा फोन जुना, त्यात ती बसेना. नवा घेतो म्हणाले आणि ते काम तसंच राहिलं.

तेवढ्यात सावळीराम गेले. दुकानात, आपल्या खुर्चीत, मांडीवर अर्धा ओवलेला हार घेऊन बसले होते. सगळ्यांना वाटलं डुलकी लागली. मग खिशातला फोन वाजला. फट् फट् फट् फट्, इंजिन वाजत राहिलं आणि बाबा उठले नाहीत. दुकानात बाकी कुणाला काही कळायच्या आधी उज्वलाला कळलं. त्या इंजिनावर बाबा उठले नाहीत असं तोवर कधीच झालं नव्हतं. ती हातातलं काम टाकून धावली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादा आवाज बंद व्हावा असं मनापासून वाटलं.

सुतकात दुकान बंद होतं, पण देवरामचं तोंड चालू होतं. दहावं झालं की कोपरा रिकामा करायचा, असं त्यानं जाहीर केलं. तिथे त्याच्या मेव्हण्याचं झेरॉक्स मशीन येणार होतं.

"कोपरा मला बाबांनी दिलाय, भाऊजी. तुमच्यासमोर दिलाय."

"बाबांनी?" देवराम म्हणाला. "अगं, तू काय मागितलं ते त्यांना ऐकू तरी आलं व्हतं का? उद्या तू ताजमहाल मागितला असता तरी हां हां म्हणले असते. हां हां म्हणले असते."

उज्वला एरवी त्याच्या प्रत्येक वाक्याला दोन परत करायची. पण नेमकी हीच भीती तिच्या मनात पहिल्या दिवसापासून होती. बाबांनी खरंच दिला होता, की नुसती मान डोलावली होती? हे त्यांना विचारायचं तिनं कायम पुढे ढकललं. विचारून तरी काय, ते पुन्हा हां हां म्हणाले असते. कोपरा तर जाणारच होता. पण आपल्याला तो कधी मिळालाच नव्हता, हे तिच्या जास्त जिवाला लागलं.

हे भांडण चालू असतानाच गुरुजी दशक्रियेचं सामान सांगायला आले. सामान सांगून झाल्यावर ते ओट्यावर घुटमळले आणि उपरण्याखालून त्यांनी एक नवा कोरा चायनाचा फोन काढला. "आता बसेल ना ते?" त्यांनी हळूच विचारलं. आत देवराम झेरॉक्स मशीन कुठल्या भिंतीला लावायचं हे ओरडून सांगत होता. उज्वलाचे डोळे भरलेले, कान आत लागलेले. तिनं आपल्या फोनमधून ब्लूटूथ मारलं. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर दोन्ही नावांचा 'कावळा' एवढाच भाग दिसत होता, आणि तिनं भांडण पाठवून दिलं.

दशक्रियेला मखमलाबादची अर्धी भावकी रामकुंडावर जमली. देवराम आणि महेशची डोकी ताजी भादरलेली, उन्हात चमकत होती. पिंडापुढे पानावर बाबांच्या आवडीचं सगळं मांडलं होतं: गोजराबाईनं स्वतः तळून आणलेली कांदाभजी, जिलेबी, कपभर चहा आणि बिड्या. समोरच्या भिंतीवर कावळे बसलेले होते. पोटं भरलेली असली तरी नजर भज्यांवर होती. सगळ्यांनी हात जोडले. गुरुजींनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटल्यासारखं केलं आणि उपरण्याखाली हात घालून बटण दाबलं.

भिंतीवरचे कावळे एकदम उठले. आकाशात काव काव करत त्यांनी असा काही धुमाकूळ घातला की शेजारच्या पिंडांवर बसलेलेही जेवण टाकून त्यांच्यात सामील झाले, आणि मग ती सगळी फौज नदीपलीकडे निघून गेली. घाटावर एक कावळा उरला नाही. गुरुजींना वाटलं आवाज कमी पडला. त्यांनी तो वाढवला आणि पुन्हा पुन्हा वाजत राहील असं करून ठेवलं. तेव्हा त्यांच्या कमरेतून गोजराबाई ओरडली, "हाड! मुडद्यांनो, हाड!"

भावकी एकमेकांकडे बघायला लागली. मागे उभी असलेली खरी गोजराबाई दोन्ही हात वर करून म्हणाली, "मी काय नाय बोलले बाई, आईशप्पथ."

काय झालं ते उज्वलाला क्षणात समजलं आणि काय करायचं तेही. चायनाच्या फोनवर फोन आला की चालू असलेला आवाज बंद होतो. तिनं पिशवीतून फोन काढला, गुरुजींचा नंबर काढला आणि हिरव्या बटणावर अंगठा ठेवला. एक मिस कॉल द्यायचा, बस. फोन वाजेल, भांडण थांबेल, कावळे येतील, बाबा जेवतील.

"सावळ्याचा जीव अडकलाय," असं म्हणत पुंजाबाबा पुढे आले. ते सावळीरामांचे लहानपणापासूनचे सोबती, भावकीत सगळ्यांत वडील. "काहीतरी राहिलंय त्याचं. पोरांनो, बोला त्याच्याशी. शब्द द्या."

महेश पुढे झाला आणि पिंडाकडे बघून म्हणाला, "बाबा, काळजी करू नका."

"कुणाशी बोलतो रं?" पुंजाबाबा कडाडले. "जित्तेपणी त्याला ऐकू येत नव्हतं, मेल्यावर काय नवे कान आले त्याला? वरडून बोल!"

महेशनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला, तोही बिचारा फाटला. मग देवरामची पाळी आली. ओरडणं हा त्याचा हातखंडा, त्यामुळे त्याला काही वाटलं नाही. "बाबा! मळ्यात तुमच्या नावानं हौद बांधू! हौद बांधू!" पलीकडच्या काठावर कावळे गप्प बसून होते. "बाबा! दरवर्षी अन्नदान करू! अन्नदान करू!" काही नाही. "बाबा! मी तंबाखू सोडतो!" हे त्यानं एकदाच म्हटलं. त्याची बायको मोठ्या आशेनं आकाशाकडे बघायला लागली. आजूबाजूच्या पिंडांवरची माणसंही आपापली दुःखं बाजूला ठेवून सरकत सरकत जवळ आली. गुरुजी घाम पुसत म्हणाले, "यजमान, फारच उशीर होतोय. दर्भाचा कावळा करून शिवू या का?"

"अजिबात नाय," पुंजाबाबा म्हणाले. "गवताचा कावळा करून मोकळे व्हायला सावळ्या काय बेवारशी हाय? गावात तोंड दाखवायचं हाय आपल्याला. द्येवराम, तू जे बोलायचं टाळतोय ना, ते बोल."

"मी काय टाळतोय?"

"त्या कोपऱ्याचं. सगळ्या मखमलाबादला ठाऊक हाय."

उज्वलाचा अंगठा बटणावर होता आणि तो खाली जाईना. तिला स्वतःची लाज वाटली. समोर बाबांचं पान, भजी गार होऊन चालली होती, चहावर साय धरली होती, आणि एका बादल्यांच्या कोपऱ्यासाठी आपण त्यांना उपाशी ठेवतोय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. दाब, दाब, असं ती मनात अंगठ्याला सांगत होती. अंगठा थांबला होता.

देवरामनं डोक्यावरचा घाम पुसला. खाली बघत पुटपुटला, "उज्वलाच्या कोपऱ्याचं बघू."

"काय म्हनला?" पुंजाबाबांनी कानामागे हात धरला. त्यांचे कान उत्तम होते.

देवरामनं भावकीकडे पाहिलं, परक्या माणसांकडे पाहिलं, रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग सगळं रामकुंड दणाणून सोडत तो ओरडला, "बाबा! कोपरा उज्वलाचाच! झेरॉक्स येणार नाय! झेरॉक्स येणार नाय!"

शेजारच्या पिंडावरचा एक अनोळखी म्हातारा म्हणाला, "बरं झालं." सगळ्यांच्या नजरा नदीपलीकडे लागल्या. तिथे काही हललं नाही. आता मात्र उज्वलानं डोळे मिटले आणि अंगठ्यात जोर आणला.

"आला," महेश तिच्या कानाशी म्हणाला.

तिनं डोळे उघडले. कावळा नदीपलीकडून आला नव्हता, मागच्या देवळाच्या बाजूनं आला होता. एकटाच. म्हातारा, मानेची पिसं गेलेली. तो पिंडाशेजारी उतरला आणि घरच्या ओट्यावर फिरावं तसा पानाभोवती चालला. गुरुजींच्या कमरेत भांडण चालूच होतं. पिल्लू पडल्याचा तो सगळा आकांत, 'कुणी इथं फिरकू नका' अशी ती कावळ्यांची बोंब, त्या आवाजानं साऱ्या घाटावरचे कावळे पळवून लावलेले, आणि याला त्याचं काहीच नव्हतं. "हाड! मुडद्यांनो!" गोजराबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर ओरडली. त्यानं वरसुद्धा पाहिलं नाही. जिलेबी ओलांडली, चहा ओलांडला, आणि भज्यावर चोच मारली.

उज्वलाचा अंगठा बटणावरून निघाला. तिनं फोन केला नव्हता. आवाज कुणी थांबवला नव्हता. कान असलेला कुठलाही कावळा तिथे आला नसता, हे त्या घाटावर फक्त तिला ठाऊक होतं.

कावळ्यानं भजं गिळलं, मान वर केली, हात जोडून उभ्या असलेल्या सगळ्यांकडे पाहिलं आणि दोनदा मान डोलावली. कावळे डोलवतात तशीच, त्यात नवल काही नाही. पण उज्वलाला रडू फुटलं आणि रडता रडता हसू आलं. ती मान तिच्या ओळखीची होती. ऐकून दिला की न ऐकता दिला, हे विचारायची आता गरजच नव्हती. दिला होता. ती काय मागते हे ऐकायची बाबांना कधी गरजच पडली नव्हती.

पुंजाबाबा पुटपुटले, "जेव बाबा, जेव." भावकी कुजबुजत नमस्कार करायला लागली. असं हळू बोलून काय उपयोग, उज्वलाला वाटलं. तिनं पदर खोचला, दोन पावलं पुढे झाली आणि रोज दुपारी दुकानात ओरडायची तशी, बेंबीच्या देठापासून ओरडली, "बाबा! सावकाश खा! ठसका लागेल!"

सगळं रामकुंड वळून बघायला लागलं. गुरुजी दचकले आणि त्यांच्या हातून फोन बंद झाला. कावळ्यानं दुसरं भजं उचललं.